नफिसाने नाव घेतलं

मोहोपाडा
५ जानेवारी २०२५

राहील,

मायना लिहीत नाही. 'प्रिय' लिहायची आज इच्छा नाही, आणि वर्गात मुलांना शिकवते ते 'अनेक आशीर्वाद' तुला पचणार नाहीत. फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. बाबा गेले, त्यांच्या चाळिसाव्याला आपलं वाजलं, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून तू आईला भेटायला तीनदा आलास आणि तिन्ही वेळा मी शाळेत असेन अशी वेळ साधलीस. म्हणून हा कागद. तो हर्षला तुझ्या हातात देईल. हो, तुझ्या कपडेपटात काम करणारी नेरळची हर्षला. माझी जुनी विद्यार्थिनी आहे, दहावी ब. तिच्यावर डाफरू नकोस. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं, आणि माझ्यासमोर खोटं बोलायला ती अजून घाबरते.

तर तू आपल्यावर सिनेमा काढतोयस. त्र्याण्णवच्या दंगलीत मुंबई सोडून खालापूरकडच्या एका गावात लपलेली बाई आणि तिची दोन पोरं. कर्जतला सेट लागलाय आणि गावाचं शूटिंग थेट आपल्याला आसरा देणाऱ्या जयवंतामावशींच्या गावात होणार आहे. सख्ख्या बहिणीला ही बातमी कपडेपटातून कळते! बरं, तेही सोडून देते.

पण हर्षला म्हणाली, "मॅडम, अम्मीजानसाठी तीन बुरखे शिवून झालेत." मी विचारलं, कोण अम्मीजान? तर म्हणे आपली आई. मी तिथेच डोक्याला हात लावला. अरे, आपण आईला आई म्हणतो. तू पडलास तर 'आई गं' म्हणून ओरडतोस, 'अम्मीजान गं' म्हणून नाही. आपल्या घरात आयुष्यात कुणी कुणाला आदाब केला नाही. बाबा तुझ्या सिनेमात शायर आहेत, दाढीला मेंदी लावून खिडकीत शेर म्हणतात. बाबा जहाजावर भंडारी होते. तीस खलाशांचा रस्सा रांधायचे आणि घरी आले की आईच्या रश्शाला नावं ठेवायचे. शेर सोड, त्यांना पत्रात धड दोन ओळी जमायच्या नाहीत.

आणि घराच्या भिंती हिरव्या का रे? आपल्या खोलीच्या भिंती गुलाबी होत्या. घरमालकाकडे तोच रंग उरला होता म्हणून.

हर्षलाने म्हणे सुचवलं होतं की मॅडमच्या आई साडी नेसतात, गळ्यात काळ्या मण्यांचा लच्छा घालतात, मराठी बोलतात. त्यावर तुझा कुणी माणूस म्हणाला, "मग प्रेक्षकाला ती मुसलमान आहे हे कळणार कसं?" अरे शहाण्यांनो, कळत नव्हतं म्हणून तर आम्ही वाचलो! आईला बघून कळत नाही, हीच तर आपली सगळी गोष्ट. दंगलवाल्यांना ओळखू येईना म्हणून आपण जगलो, आणि आता सिनेमावाल्यांना ओळखू येईना म्हणून तुम्ही तिला बुरखा चढवताय. कुणीतरी एकदा तिला आहे तशी बघा की.

एवढं दुरुस्त कर. बाकी आई बरी आहे, गुडघे सोडून.

नाझिया


मोहोपाडा
११ जानेवारी

राहील,

मागच्या पत्राला उत्तर नाही. मात्र हर्षलाला तू 'तुझ्या मॅडमना सांग, सिनेमा म्हणजे निबंध नसतो' असं म्हणालास, ते पोचलं. निबंध नसतो हे मला कळतं. पण निबंधातसुद्धा मी खोटं लिहिलेलं खपवून घेत नाही.

आज शेवटची पानं वाचली. कशी मिळाली ते विचारू नकोस. बुरख्याचं, मेंदीचं मी हसण्यावारी नेलं असतं. ही पानं वाचून मात्र माझं जेवण गेलं.

तुला काही आठवणं शक्य नाही, तू चार वर्षांचा होतास, म्हणून सांगते. बाबा तेव्हा समुद्रावर. आपल्या गल्लीत जाळपोळ सुरू झाली तेव्हा जयवंतामावशी भाजीची पाटी घेऊन आल्या होत्या. दर आठवड्याला यायच्या, आईशी अर्धा तास भाजीच्या भावावरून भांडायच्या आणि चहा पिऊन जायच्या. त्या दिवशी त्यांनी पाटी जिन्यात सोडली, तुला कमरेवर घेतलं आणि आईला म्हणाल्या, "चल माज्या संगती, इचार नको करू." आपण बावीस दिवस त्यांच्या घरी राहिलो. आई त्यांची महाडची मावसबहीण झाली. मी नंदा झाले, तू बाळू. साडी तीच, मणी तेच, बोलणं तेच. फक्त कपाळावर कुंकू आलं. ते मावशींनी लावलं नाही. आईने त्यांच्या डबीतून स्वतः लावलं, वाकडं. त्या उलट चिडल्या होत्या, "पूस ते. माज्या घरात तुला कोनाची भीती हाय?" आईने पुसलं नाही. तुझ्या सिनेमात मावशी आईचं डोकं धरून कुंकू फासतात आणि मागे सारंगी वाजते.

मग संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू. ही गोष्ट तुला आईने सांगितली असणार, कारण तू ती जवळजवळ खरी लिहिली आहेस. सगळ्या बायका उखाणे घेत होत्या. गावातली सगळ्यात म्हातारी सोनुबाई आईला म्हणाली, "तू बी घे नाव." आईला कुठलंही नाव घेता आलं असतं. शंकर, गणपत, काहीही. मी तिच्या पाठीला चिमटा काढत होते. पण कुंकू लावणं वेगळं आणि परक्या पुरुषाला नवरा म्हणणं वेगळं. एरवी आईने बाबांचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, कायम 'नाझियाचे बाबा'. त्या दिवशी ती म्हणाली,

"सोललेल्या वालांनी भरली वाटी,
अब्दुलचं नाव घेते जयवंतासाठी."

इथपर्यंत बरोबर. पुढे तू काय लिहिलंयस? गाव मशाली घेऊन येतं. जयवंतामावशी आतून दार लावून घेतात. आई दार बडवते, मावशी उघडत नाहीत. आपण तिघं अंधारात पळतो.

मशाली! त्या गावात जानेवारीत काय पेटत असेल तर ते वालाच्या शेंगा भाजायच्या पोपटीचं मडकं. कुणी आलं नाही, राहील. मावशींनी दार लावलं नाही. त्यांच्या दाराला कडी होती की नाही हेसुद्धा मला आठवत नाही. आणि तू हे त्यांच्याच गावात, त्यांच्याच लोकांना मशाली धरायला लावून चित्रित करणार? मावशी जिवंत आहेत रे. अडुसष्ट वर्षांच्या आहेत आणि त्यांना अजून लख्ख दिसतं.

तो प्रसंग काढ. मी तिथे होते, मला माहीत आहे. याहून जास्त मला विचारू नकोस.

नाझिया


मोहोपाडा
१९ जानेवारी

राहील,

घे, झालं तुझ्या मनासारखं. आज रविवारी सकाळी दार वाजलं. उघडून बघते तर जयवंतामावशी. एकट्या, हर्षलाकडून पत्ता घेऊन खालापूरहून दोन रिक्षा बदलून आलेल्या. बत्तीस वर्षांनी मला बघून म्हणाल्या, "नंदा ना तू?"

आईने आतून आवाज ओळखला. ती न्हाणीघरात गेली आणि कडी लावून बसली. सहासष्ट वर्षांची बाई, पाऊण तास न्हाणीघरात! मी बाहेर चहा टाकला, दोनदा ऊतू घालवला.

मावशी म्हणाल्या, "तुजा भाऊ गावात आलता. मानसा गोला केली. म्हनला, हातात चूड घ्यायचा नि वरडायचा, काढा त्यांना भायेर. आमच्या आलीतली मानसा व्हय म्हनली, त्यांना गंमत वाटते. मना बी बोलावला. मी इचारला, कोनाला काढायचा? तर म्हनला, आजी, एक मुसलमान बाई असते, तिला." मग माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "आमी कवा हाकलली गं तुमाला? मी बाजाराला गेलते. परत आले तर घर रिकामा. चुलीवर भात तसाच. बाळूचा सदरा वलनीवर. मना वाटला माज्याच कायतरी चुकला. खालापूरच्या बाजारात एक डाव तुजी आय, नफिसा, दिसली, मी हाक मारली, तर तोंड फिरवून गेली. मी काय केलता तिचा?"

मी त्यांना बिस्किटं दिली. राहील, मी मराठीची शिक्षिका, वीस वर्षं बोलण्याचा पगार घेते, आणि मी त्या बाईपुढे बिस्किटांची बशी सरकवली.

त्या गेल्यावर आई बाहेर आली. तिला काय वाटतं हे मला कालपर्यंत नीट कळलंच नव्हतं, कारण आपण कधी विचारलं नाही. ती म्हणाली, "मी अब्दुलचं नाव घेतलं म्हणून गाव उठलं. तिच्या घरावर मी संकट आणलं. कुठल्या तोंडाने बोलू तिच्याशी?" आणि लगेच रागाने, "पण तिने निदान निरोप तरी द्यायचा, की लोक येतायत." बत्तीस वर्षं तिच्या पोटात हे दोन्ही एकदम आहे. स्वतःचा नवरा आपण नवरा म्हणून सांगितला, याची तिला शरम वाटते!

मला सगळ्यांचा वैताग आलाय. तुझा, आईचा, त्या मशालींचा. सगळ्यात जास्त कुणाचा ते आज लिहवत नाही.

शूटिंग तीस तारखेला आहे ना? थांबव.

नाझिया


मोहोपाडा
२२ जानेवारी

राहील,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या. चार वर्षांत तीन ओळी म्हणजे आपली प्रगती आहे. 'बाय, फराजमामूंनी मला सांगितलं होतं, आईनेही तेच सांगितलं. दोघं खोटं बोलले का? तुझ्याकडे दुसरी हकीकत असेल तर सांग, नाहीतर मला माझं काम करू दे.'

रास्त प्रश्न आहे. दोघं खोटं बोलले नाहीत. खोटं मी बोलले.

उखाण्यानंतर काय झालं सांगते. काहीच झालं नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, सोनुबाईने आईच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि पुढच्या बाईला म्हणाली, तू घे आता. सगळ्या पुन्हा हसायला लागल्या. मी हसले नाही. मी बारा वर्षांची होते आणि गल्लीत काय पेटलं होतं ते मी खिडकीतून पाहिलं होतं. मला वाटलं, आता या रात्रीत येतील. रात्रभर कान देऊन पडले. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

सकाळी माझी भीती कमी झाली होती, हे तुला सांगायलाच हवं. भीतीने केलं असं म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. मला नंदा असण्याचा कंटाळा आला होता. मावशींची पोरं चांगली होती, पण नंदा म्हणून हाक मारली की मला कळायला वेळ लागायचा आणि ती हसायची. मला नेरळला मामूंकडे जायचं होतं, जिथे मला नाझिया म्हणतील. आई दोनदा फोन करून मामूंना न्यायला या म्हणाली होती. ते म्हणाले होते, रस्ते बरे नाहीत, तिथे सुखात आहात, आठवडाभर थांबा.

मावशी बाजाराला गेल्या होत्या. आई वाल सोलत होती. मी खालापूरच्या फाट्यावरच्या फोनच्या टपरीत गेले आणि मामूंना म्हणाले, "गावाला कळलं. लोक हत्यारं घेऊन आलेत. आईला मारून टाकतील."

दोन तासांत मामू टेंपो घेऊन हजर. त्यांनी आईला चुलीपुढून उठवलं. आईने विचारलं, कोण आलं होतं, कधी? मामू म्हणाले, पोरीने डोळ्यांनी बघितलंय. आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बस, एवढंच केलं. टेंपो सुटला तेव्हा रस्त्यात एक माणूस कोयता घेऊन चालला होता, गवताला. आई त्याला बघून तुला छातीशी धरून रडायला लागली आणि माझं खोटं तिथे पक्कं झालं.

मामू ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगायचे. दरवेळी लोक वाढायचे. आधी पाच होते, मग पन्नास, मशालीही त्यांनीच घातल्या असणार. मी जेवण वाढत ऐकायचे. तू त्यांच्या मांडीवर बसून ऐकलीस आणि मोठा होऊन तिचा सिनेमा केलास. म्हणून तुझ्या त्या पानांवर मला लाल पेन चालवता येत नाही. ती मीच लिहिली आहेत.

मामू गेले तेव्हा वाटलं, सुटले. बाबा गेले तेव्हा आपण भांडलो ते कशावरून, आठव. तू म्हणालास, 'आपल्याला त्या गावाने हाकललं, हे मी एक दिवस जगाला सांगणार.' आणि मी तुला सगळ्यांदेखत गप्प बस म्हणाले, घरचं बाहेर नेतोस म्हणून नाही नाही ते बोलले. तुला वाटलं मी भित्री आहे. ते बरोबरच होतं, फक्त मी गावाला भीत नव्हते.

अजून आईला सांगितलेलं नाही. तुला आधी सांगितलं, कारण तुझा चेहरा मला दिसत नाही.

नाझिया


जयवंतामावशींच्या ओटीवरून
२७ जानेवारी

राहील,

आईला काल दुपारी सांगितलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने एकच विचारलं, "फराजला माहीत होतं?" मी नाही म्हणाले. मग म्हणाली, "रिक्षा बोलाव." गुडघ्यांचं नावसुद्धा काढलं नाही.

इथे तुझी माणसं मावशींच्या शेजारच्या घराला काजळी फासत होती. भिंत जुनी दिसायला हवी म्हणे. मावशी ओटीवर बसून त्यांना शिव्या घालत होत्या. आई ओटीची पायरी चढली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तू काही केलं नव्हतंस. कुणीच काही केलं नव्हतं. माझ्या पोरीने खोटं सांगितलं." मावशींनी तिला हाताला धरून खाली बसवलं. नंतर दोघी काय बोलल्या ते मी सगळं ऐकलं नाही, मी अंगणात उभी होते. रडणं ऐकू आलं, मग भांडण ऐकू आलं. मावशी म्हणत होत्या, "तोंड फिरवलास! माज्यावर तोंड फिरवलास! इचारायचा तरी!" आणि आई म्हणत होती, "तू नेरळला यायचंस ना मग!"

एक गोष्ट मात्र नीट ऐकली, तुझ्या कामाची आहे. आईने विचारलं, त्या हळदीकुंकवाला बायकांना संशय आला होता का? मावशी म्हणाल्या, "सौंशय कसला? पयल्या दिसापासून ठाव व्हता सगल्यांना. माजी महाडला कोन मावशी नाय, ता काय गावाला ठाव नाय? सोनुबाईनं मुद्दाम नाव घ्याला लावला, खोटा घेते का बघाला. तू अब्दुल म्हनलीस नि घरी जाताना म्हातारी मना म्हनली, बाई खरी हाय, ठेव तिला लागंल तवर."

हे ऐकून आईने तोंडाला पदर लावला तो बराच वेळ काढला नाही. बत्तीस वर्षं जे नाव घेतल्याची तिला शरम होती, त्याच नावावर गावाने तिला ठेवून घेतलं होतं.

मग मावशींनी मला हाक मारली. नंदा म्हणून नाही, नाझिया म्हणून. मी पुढे गेले. म्हणाले, मावशी, मी बारा वर्षांची होते. त्या म्हणाल्या, "व्हय गं. बाराची व्हतीस, तवा पोर व्हतीस. पन मंग तेराची झालीस. ईसाची झालीस. चालीसची झालीस."

मी जाऊन खालच्या पायरीवर बसले, राहील.

आई आठ दिवस इथेच राहणार म्हणते. मला घरी जायला सांगितलंय, मी जात नाही. तीस तारखेला तुम्ही मशाली घेऊन आलात तर दोन म्हाताऱ्या ओटीवर बसलेल्या असतील आणि त्या उठणार नाहीत, हे तुझ्या माणसांना आधीच कळव. गावातली माणसंही आता ओरडायला तयार नाहीत. सकाळपासून एकेक जण येऊन आईला बघून जातोय.

तू म्हणशील, मग शेवट काय करू? लोकांना कुणीतरी वाईट लागतं, त्याशिवाय सिनेमा चालत नाही. बरं, वाईट माणूस मी देते. एक मुलगी दाखव, फाट्यावरच्या टपरीत, फोनची दोरी बोटाला गुंडाळत खोटं बोलणारी. तिला फार वाईट दाखवू नकोस, ती थकली होती. मग तीच मुलगी मोठी बाई झालेली दाखव. साडीत. ती लग्नात जेवण वाढते आणि तिच्या शेजारी तिचा मामा तिचंच खोटं सगळ्यांना रंगवून सांगतो. तिला वाईट दाखव. तिच्या तोंडी एकही वाक्य नाही, नुसतं गप्प उभं राहायचं. त्या कामाला कुणी मिळालं नाही तर मला बोलाव. मी येईन.

नाझिया